बुडालेल्या बायकांच्या टेकाडावरचा दगड

साको दो सिरी, १२ मे १९६८

रेमे पोरी,

सगळ्यांत आधी कुत्रा उतरला. खोटं वाटेल तुला, पण आमच्या झेफेरीनोच्या खांद्यावर बसून, एक पाय ओला न करता, कानाला फीत बांधलेला पांढरा कुत्रा किनाऱ्यावर आला आणि आल्या आल्या माझ्या वाळत घातलेल्या जाळ्यावर मुतला. त्याच्यामागून साहेब, तेही खांद्यावरूनच. आणि शेवटी ती बाई. तिला कुणी खांदा दिला नाही. बूट हातात घेऊन, गुडघ्यापर्यंत झगा भिजवत ती पाण्यातून चालत आली. मी मनात म्हटलं, या घराण्याची उतरायची रीत काही बदलली नाही बाई.

कुठलं घराणं, ते सांगितलंच नाही. विल्येना. तुम्हा मायलेकींचं जहाज, ‘इन्फान्ता लुईसा’, इथल्या खडकावर फुटलं तेव्हा पहिल्या होडीतून जो कोरडा उतरला, तो एव्हारिस्तो विल्येना. त्याचा फोटो दर वर्षी त्या तारखेला वर्तमानपत्रात येतो म्हणून तूच लिहिलं होतंस. तर तो गेल्या वर्षी मेला. देवानं त्याला भरपूर आयुष्य दिलं, देवाचं काय मला कळत नाही. हा साहेब त्याचा पुतण्या, डॉक्टर आन्सेल्मो. मी बापडी गुडघा दाखवायला पुढे केला, तर म्हणे, मी कायद्याचा डॉक्टर. आणि ती बाई एव्हारिस्तोची मुलगी, दोना होर्तेन्सिया. पंचेचाळिशीची असेल. लग्न केलेलं नाही. चेहरा चांगला आहे, पण कुणीतरी रोज थोडा थोडा पुसत असावं तसा झालाय.

घरात पाहुणा आला की मला काय होतं तुला माहीत आहे. पाय दुखायचे थांबतात. बोईचं कालवण केलं, कच्ची केळी घालून. साहेबानं सोबतचं कसावाचं पीठ चमच्यानं असं बाजूला सारलं, जसं काही त्यात अळ्या आहेत. बाईनं मात्र ताट पुसून खाल्लं. पेरूच्या वडीचा मोठा डबा आणलाय त्यांनी, आणि माझ्यासाठी शाल. शाल अशी मऊ आहे की मी ती अंगावर घ्यायला घाबरते, मांजरावर घालते.

आता कामाचं. टेकाडावर त्यांना दगड बसवायचाय. बुडालेल्या बायकांना पुरलं ना आपण, तिथेच, मधोमध, रेलिंग वगैरे करून. पाद्रीबाबांकडे गेले, ते म्हणाले, जेनेरोझाला विचारा. तुला रीत माहीत आहे, पण तू लहान होतीस म्हणून लिहिते. समुद्रानं टाकलेल्या परक्या माणसाला जी धुते, तिचं ते माणूस होतं. मेलेल्यांच्या दिवशी फुलं तिनं न्यायची, आणि तिला विचारल्याशिवाय त्या मातीवर कुणी कुंडीसुद्धा ठेवायची नाही. धुणाऱ्यांपैकी राहिलो दोघीच. बाल्बिना तर आता स्वतःच्या लेकाला नवरा समजते. म्हणजे उरले मी. अगं, मोटारबोट करून, कुत्रं घेऊन, एवढी मोठी माणसं माझ्या चुलीपाशी बसली आणि म्हणाली, दोना जेनेरोझा, तुमची परवानगी हवी. मला इतकं हसू येत होतं की मी उठून कोंबड्यांना दाणे घातले.

पण दगडावर काय लिहिणार तो कागद साहेबानं दाखवला. मी एकेक अक्षर लावून वाचला. वाचताना मला काय झालं सांगू? मासा सोलताना आत सडलेला निघतो ना, तसं झालं. लिहिलंय: ‘स्त्रियांना आधी जागा देणारे एव्हारिस्तो विल्येना आणि त्यांचे थोर सोबती यांच्या स्मरणार्थ. आणि गाठोडी सोडवली नाहीत म्हणून प्राणास मुकलेल्या अभागी स्त्रियांसाठी प्रार्थना करा.’

जागा दिली म्हणे! मग आमच्या किनाऱ्यावर पहिला कोण उतरला? अर्धी रिकामी होडी होती. सोबत त्याची नवी नवरी, एक अंमलदार, वल्ही मारणारे दोघं, आणि टोप्या घातलेले साहेब. टोप्या कोरड्या होत्या गं! मी कॉफी दिली तर म्हणतो, साखर नाही? आणि पहिली मढी वाहत आली तेव्हा म्हणाला, ही जरा आडोशाला न्या, माझ्या बायकोला मळमळतं. बायकोला म्हणे! ती बिचारी वाळूत बसून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होती, तिनं तोंड उघडलं नव्हतं.

दगड तयार करून महिन्याभरात परत येतो म्हणालेत. मी ‘बघू’ म्हटलंय. तुझी आई तिथे आहे, म्हणून तुला विचारते. काय सांगू त्यांना?

गुडघा बरा आहे. झेफेरीनोच्या बायकोला परत दिवस गेलेत, मी काही बोलत नाही.

तुझी धर्ममाय,
जेनेरोझा


सान्तोस, २४ मे १९६८

धर्ममाय,

पत्र मिळालं. गुडघ्याला एरंडेल चोळत जा.

तू विचारलंस म्हणून सांगते. बसवू दे त्यांना दगड. मला काही म्हणायचं नाही, कारण त्यात माझ्या आईबद्दल खोटं काहीच लिहिलेलं नाही.

तू मला वर्षभर सांभाळलंस, मग पाद्रीबाबांनी इथे सिस्टरांकडे आणून सोडलं. तिथे मला पहिल्याच आठवड्यात समजलं. सिस्टर ओब्दुलियांनी वर्तमानपत्रातलं ते गाठोड्यांचं वाचून दाखवलं सगळ्या मुलींसमोर, आणि म्हणाल्या, बघा, लोभ काय करतो. आईकडे शिवणाचं मशीन होतं, नुसतं डोकं, पाय नव्हते. कादिस बंदरातून निघताना आईनं घोंगडीत गुंडाळून पेटीत घातलं होतं. नव्या देशात याच्यावर पोट भरायचं, म्हणायची. जहाज कललं तेव्हा आम्ही वर आलो होतो. माझा हात तिच्या हातात होता. आणि मग नव्हता. एवढंच मला आठवतं, धर्ममाय: हात सुटला ते. पुढे मी जहाजातल्या बुचाच्या सालीच्या गासडीवर होते आणि तुझ्या घरचे सालुस्तियानो काका मला काखेत धरून ओढत होते.

ती मशीन आणायला खाली गेली. दुसरं काय? मी आठ वर्षांची होते आणि तिनं लोखंड निवडलं. मीही आयुष्यभर मशीनवरच पोट भरलं. सूट शिवले, पडदे शिवले, दुसऱ्यांच्या मुलींचे लग्नाचे झगे शिवले. रोज सकाळी पायडलवर पाय ठेवला की शिसारी येते. बायका विचारतात, दोना रेमेदिओस, तुम्ही टेकाडावर फुलं घेऊन का जात नाही? मी म्हणते, मला होडी लागते. लागतेच. पलीकडे ग्वारुझाला जायची फेरीबोटसुद्धा मी आजवर घेतली नाही.

आणि तुला एक विचारते, राग मानू नकोस. पेरूची वडी चांगली होती का? शाल उबदार आहे ना? तुझ्या पत्रात पाहुण्यांच्या जेवणाला एक पान आणि माझ्या आईला दोन ओळी आहेत. तुला ‘हो’ म्हणायचंच असेल तर म्हण, माझ्या नावावर टाकू नकोस. मोठ्या माणसांना ‘नाही’ म्हणणं आपल्याला कधी जमलंय?

याबद्दल पुन्हा लिहू नकोस.

रेमेदिओस


साको दो सिरी, ५ जून १९६८

रेमे,

पुन्हा लिहू नको म्हणालीस, म्हणून लिहिते.

आधी वडीचं. हो, चांगली होती. मी सहासष्ट वर्षांची बाई, दात मोजून राहिलेत, गोड मिळालं तर खाणारच. विषय वडीचा नाही. शालीवर मांजरीनं पिल्लं घातली, तोही प्रश्न मिटला.

आणि पाहुण्यांना जेवू घातलं म्हणजे मी त्यांना विकले गेले, हे तुला सिस्टरांनी शिकवलं असेल, मी नाही शिकवलं. माझ्या सासूनं तर तिची सवत जेवू घातली होती, आणि मग अंगणातून हाकलली. ते वेगळं आणि हे वेगळं. ती सवत पुढे उबातुबाला एका सुतारासोबत राहिली, चांगला होता सुतार. जाऊ दे.

तर ऐक. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस ताट तसंच परत सारलं. झेफेरीनो म्हणाला, आई आजारी आहेस का? मी म्हटलं, मला ओकारी येते. आणि येत होती. त्या ओब्दुलिया बाईची, त्या वर्तमानपत्राची, आणि त्या मेल्या एव्हारिस्तोची. आठ वर्षांच्या पोरीला सांगतात, तुझ्या आईनं लोखंड निवडलं! थू.

तुला हे मी कधी सांगितलं नाही. तू एवढीशी होतीस, रात्री दचकून उठायचीस, तुला काय सांगायचं? आणि पुढे मला वाटलं, तुला यातलं काही ठाऊक नाही, तर बरंच आहे. तू मनात हे असलं घेऊन बसली असशील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मढी धुवायची म्हणजे कशी, तुला माहीत नसेल. पुरुषांना होड्या, आणि आम्हाला मागे विहिरीपाशी मढी. सरकारी माणूस आला, दंडाधिकाऱ्याचा कारकून आला, वर्तमानपत्रवाला आला, सगळे व्हरांड्यात बसले आणि पुरुषांना विचारत होते. विहिरीकडे कुणी फिरकलं नाही. वास येत होता ना त्यांना! एकजण रुमाल नाकाला लावून कोपऱ्यापर्यंत आला आणि म्हणाला, बायांनो, लवकर आवरा.

आम्ही धुतल्या त्या सगळ्या जहाजाच्या तळातल्या. वरच्या वर्गाची एकही बाई माझ्या हाताखाली आली नाही. त्या सगळ्या जगल्या असं नाही, पण आमच्या किनाऱ्याला आल्या त्या या. पायात जाड मोजे, टाचेला रफू. अंगावर दोन-दोन झगे, कारण पेटीत मावले नव्हते. आणि बुडू नये म्हणून गळ्यात घालायचा बुचाचा पट्टा एकीच्याही नाही. साहेबांच्या होडीत मात्र पट्टे असे ढिगानं पडले होते, बसायला घेतले होते त्यांनी. उशा!

आणि गाठोडं? रेमे, मी मारीया मातेची शपथ घेऊन सांगते, एकीच्याही हातात, काखेत, कमरेला गाठोडं नव्हतं. हातात काय होतं ते सांगते. हातच नव्हते धड. बोटं. ही चार बोटं, मधल्या पेरावर, एका रेषेत, आडवी ठेचलेली. एकीची तशी असती तर मी म्हटलं असतं खडक. पण खडक माणसाला कसा फोडतो ते आम्ही दर वर्षी बघतो. डोकं फोडतो, बरगडी मोडतो, जिथे सापडेल तिथे. पोळपाटावर ओळीनं ठेवून लाटण्यानं मारल्यासारखी बोटं तो मोडत नाही. बाल्बिनाची आजी होती तेव्हा, जेर्त्रुदेस म्हातारी. तिनं एक हात उचलला, बघितला, आणि म्हणाली, ‘हे वल्ह्यानं केलंय.’  म्हातारीनं जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडल्या, आणि आम्ही एकेक बोट सरळ करून बांधलं. देवासमोर हात जोडायचे झाले तर जोडता यावेत म्हणून.

तुझ्या आईचीही बांधली. ती मीच धुतली. माझ्या पोटात तेव्हा झेफेरीनो होता, सगळ्या म्हणत होत्या, तू नको हात लावूस. पण तू तिचा मोजा ओळखलास, टाचेला लाल लोकरीचं रफू, आणि मग म्हटलं, हिला दुसरं कुणी धुवायचं नाही.

संध्याकाळी सालुस्तियानोला सांगितलं. तो कारकुनाकडे गेला. कारकून म्हणाला, बायका रडून रडून काय काय बघतात. आणि लिहिणं बंद करून पेन पुसलं.

म्हणून विचारत होते, त्यांना काय सांगू. दुसरं काही नाही.

जेनेरोझा

ता. क. त्या गासड्या फुटून साल सगळीकडे पसरली होती. आम्ही बुचाची कच्ची साल कधी पाहिलेली नव्हती. आमच्या गावानं ती औषध समजून खोकल्यावर उकळून प्यायली. कुणाचा खोकला गेला नाही, पण पाद्रीबाबा तीन दिवस बाहेर पडले नव्हते.


सान्तोस, १४ जून १९६८

धर्ममाय,

तुझं पत्र मी चार वेळा फाडायला घेतलं.

मशीनवर बसवलं नाही म्हणून दुकान बंद ठेवलं. शेजारच्या दोना इझौराला वाटलं कुणी वारलं. मी म्हटलं, हो, आई. ती म्हणाली, अगं तुझी आई तर कधीच. मी म्हटलं, नाही, आत्ता.

मला तुझ्यावर रागवायचं होतं. सत्तेचाळीस वर्षं तू हे पोटात ठेवलंस आणि मी तिला शिव्या देत राहिले. पण तुला लिहायला बसले की ते लाटण्याचं येतं डोळ्यांसमोर आणि राग तुझ्याकडून निघून दुसरीकडे जातो. धर्ममाय, ती माणसं जेवली असतील ना त्या रात्री? झोपली असतील. पुढे त्यांना मुलं झाली, त्यांनी मुलांना हातानं भरवलं असेल. दर वर्षी फोटो काढून घ्यायला उभा राहायचा तो. फोटोत एक हात कोटाच्या आत घालून. आणि मी, मूर्ख बाई, एकदा त्याच्या घरचे पडदे शिवून दिलेत. वीस हात लांब मखमल. जिन्यावर माझ्याजवळून गेला, मला ‘शाबास’ म्हणाला. मी वाकून आभार मानले. तुझं पत्र आल्यापासून सारखे साबणानं हात धुते आहे.

एक विचारते. नीट आठवून सांग, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. दोन्ही हात तसे होते का? की एकच? एकच असेल तर कुठला?

माझा हात तिच्या डाव्या हातात होता. ते मला नक्की आठवतं, कारण माझा उजवा ओढला जात होता.

ते लोक कधी येणार आहेत ते कळव. मी येते. मला होडीत ओकारी होईल, तर होऊ दे. एवढी वर्षं आतल्या आत होतेच आहे.

रेमे


साको दो सिरी, २१ जून १९६८

माझ्या रेमे,

तुझं पत्र सोमवारी आलं आणि पाहुणे बुधवारी. दोन्ही एकदम आलं म्हणजे माझं काय झालं असेल बघ. कालवणात मीठ दोनदा पडलं.

आधी तुझं, मग त्यांचं. एकच हात. उजवा. डावा धड होता, नखसुद्धा मोडलेलं नव्हतं. आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, कारण तेव्हा आम्हाला ते विचित्र वाटलं होतं: डाव्या हाताच्या नखांत सगळा तपकिरी चुरा होता. मी काडीनं काढत बसले होते. जेर्त्रुदेस म्हणाली, माती असेल. मी म्हटलं, माती अशी तरंगत नाही, बघ, बादलीत वर येते. मग पुढे गासड्या पाहिल्या तेव्हा कळलं, बूच होतं ते. पण त्याचा अर्थ काय, हे आम्हाला कुणालाच सुचलं नाही. तुझं पत्र वाचलं आणि चुलीपुढे बसल्या बसल्या सगळं जुळलं. रेमे, तिनं तुझा हात सोडला तो तुला त्या गासडीवर चढवायला. एका हातानं होडी धरून ठेवली, आणि दुसऱ्यानं तुला वर ढकललं. होडीत घ्या म्हणून पोरगी पुढे केली असेल, नाही घेतली, मग गासडी मिळाली. मधे काय काय झालं ते देवाला माहीत. मशीन पेटीतच गेलं खाली. ती नाही गेली त्याच्यासाठी.

आता रड आणि मग पुढचं वाच. पुढचं बरंय.

दगड आला. संगमरवर, चार माणसांनी उचलायचा. कुत्रा या वेळी नव्हता. साहेब आल्या आल्या म्हणाले, “काय दोना जेनेरोझा, चढवायचा ना वर?”

मी म्हटलं, “बसा तर आधी. कॉफी घ्या. उसाच्या रसात केलीये.”

“आम्हाला भरतीच्या आत निघायचंय.”

“मग आत्ताच सांगते. नाही.”

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. मोठ्या माणसांचे कान त्या शब्दाला बनवलेले नसतात. मग म्हणाले, “तुमच्या मुलाच्या होडीला इंजिन बसवून देतो, नवं कोरं.” झेफेरीनोनं माझ्याकडे असं बघितलं, जसा लहानपणी पिकलेल्या फणसाकडे बघायचा. मी म्हटलं, “माझा मुलगा वल्हवतो छान. आमच्याकडे वल्ही वल्हवायलाच वापरतात.” साहेबांना काही उमगलं नाही. पण दोना होर्तेन्सिया उठली आणि मासे सोलायला म्हणून माझ्यामागे स्वयंपाकघरात आली.

तिथे मी तिला सांगितलं. मला तिला दुखवायचं नव्हतं, पोरगी साधी आहे, खवले सगळे केसांत उडवून घेतले तिनं. पण ती म्हणाली, “काय आहे ते सांगा, मला घरी कुणी काहीच सांगत नाही.” मग मी तिचा उजवा हात घेतला आणि टेबलाच्या कडेवर ठेवला. म्हटलं, “ही होडीची कड. अशी धरली होती त्यांनी.” आणि पोळपाटाशेजारचं लाटणं नुसतं बोटांवर टेकवलं. टेकवलं फक्त.

तिनं हात काढला नाही. तिचा रंग मेणासारखा झाला. मग म्हणाली, “कुणाच्या हातात होतं ते?”

मी म्हटलं, “वल्हं? मला काय माहीत बाई. मी किनाऱ्यावर होते. मी फक्त बोटं पाहिली. वल्ही मारणारे दोघं होते, त्यांतलाच कुणी असेल.”

“नाही,” ती म्हणाली. किती हळू म्हणाली! “माझी आई त्या होडीत होती. नवी नवरी. ती मरेपर्यंत बाबांच्या हातातून काही घेत नसे. औषध नाही, पाणी नाही, फूल नाही. बाबा कप टेबलावर ठेवायचे, मग ती उचलायची. मला वाटायचं, मोठ्या घरांत अशीच रीत असते. मीसुद्धा तसंच करायची, खेळ म्हणून. बाबा एकदा मला मारायला धावले त्यावरून. पण आईला कधी काही बोलले नाहीत. तिनं कधी विचारू दिलं नाही आणि कधी सांगितलं नाही. दोना जेनेरोझा, आजारी असताना शेवटी त्यांनी तिला धरून बसवायचा प्रयत्न केला, तर ती पलंगावरून खाली पडली. मुद्दाम.”

रेमे, मी लाटणं बाजूला ठेवलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, वल्हं कुण्या खलाशाच्या हातात असेल, आणि साहेब फक्त बघत बसले असतील. तेवढ्याचीच किळस पुरे होती. आणि हा तर स्वतः! आणि त्या बायकोनं सगळं आयुष्य त्याच हातांचं घर चालवलं, त्याच हातांची मुलगी वाढवली, टेबलावरून कप उचलत. दोन बायका होडीच्या दोन बाजूंना. एकीला पाण्यात मारलं, आणि एकीला गादीवर बसवून. मला आधी त्या गप्प बसलेल्या बायकोची चीड आली, आणि मग दोघींचंही वाईट वाटलं. पण त्याचं मात्र मला काही म्हणजे काही वाईट वाटलं नाही.

साहेब दारात उभे होते. कधीपासून, देव जाणे. म्हणाले, “ताई, म्हाताऱ्या बायकांच्या गप्पांवरून तू काकांना खुनी ठरवणार? बोटं खडकावर मोडली असतील. आणि समज झालंच असेल तसं, होडी उलटली असती तर सगळेच मेले असते. त्यात तुझी आईसुद्धा.”

“अर्धी रिकामी होती, आन्सेल्मो.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“तूच. मघाशी इकडे येताना. म्हणालास, काका गमतीनं सांगायचे, ऐसपैस पाय पसरून आलो.”

 साहेब लाल झाले. म्हणाले, दगड वर जाणारच. बिशपांचं पत्र आणतो, महापौरांना आणतो. एका अडाणी म्हातारीच्या रीतीपुढे कायदा थांबत नाही.

मी म्हटलं, “साहेब, माझी रीत मी सोडते.” झेफेरीनोच्या तोंडाचा आ झाला. मी म्हटलं, “मी फक्त धुणारी. त्या मातीवर रक्ताचं माणूस आलं की धुणारीचा हक्क संपतो. रेमेदिओस येतेय, सान्तोसहून. तिच्या आईवर काय ठेवायचं ते ती सांगेल. तिला सांगा जागा कशी दिली ते. तोंडावर सांगा. तिनंच तुमच्या काकांच्या घरचे पडदे शिवलेत, ओळख आहे.”

 साहेब पाण्यात उतरले ते स्वतःच्या पायांनी, कारण झेफेरीनोनं खांदा दिला नाही. दगड वाळूतच राहिलाय, तोंड वर करून. बायका काल त्याच्यावर मासे साफ करत होत्या. छान गार राहतो म्हणतात. एव्हारिस्तोच्या नावात खवले बसलेत, धुतले तरी निघत नाहीत. मी ‘थोर’वर माझी टोपली ठेवते.

दोना होर्तेन्सिया निघताना परत मागे आली. माझा हात हातात घेतला, इतका घट्ट की दुखला. म्हणाली, पुढच्या वेळी साहेबांच्या बोटीतून येणार नाही, वेगळी येईन. तिला तुझ्या आईचं नाव हवंय, आणि जमतील तेवढ्यांची, दगडाच्या दुसऱ्या बाजूला कोरायला. पहिल्या बाजूचं काय करायचं ते रेमेदिओसनं ठरवावं, म्हणाली. तिच्या वडिलांची असली तरी. तुला भेटायची तिला भीती वाटते, हेही म्हणाली. मी म्हटलं, भीती वाटू दे, जेवायला बस म्हणजे झालं.

उबातुबापर्यंत मोटार येते, पुढे झेफेरीनो आणि मी तुला होडीतून आणू. सकाळी लवकर निघ, वारा पडलेला असतो. ओकारी आली तर होडीच्या कडेवर वाक, मी तुला धरेन.

साहेब महापौरांना घेऊन आणि बाई एकटी, दोघंही परत येतो म्हणालेत शुक्रवारी, २८ तारखेला, सांत पेद्रोच्या सणाच्या आदल्या दिवशी.

जेनेरोझा